उभ्यानं निंदण

आसगावात धानाची रोवणी सुरू झाली की पहिलं नाव निघायचं ते गोदावरीबाई लांजेवारांच्या टोळीचं. ही टोळी चिखलात उतरली की मालकानं बांधावर उभं राहून लक्ष ठेवायची गरज नसे. बाया कमरेत वाकून एका रांगेत मागं मागं सरकत जायच्या आणि त्यांच्यासमोर रोपं ओळीनं उभी राहत जायची. रोवणी आटोपली की त्याच खाचरांमध्ये निंदण, म्हणजे तण काढायचं काम. प्रत्येकीच्या वाट्याला एक पट्टी यायची, तिला पात म्हणायचं. गोदावरीबाईंची पात नेहमी सगळ्यांच्या पुढं असे. टोळीला एक नियम त्यांनीच घालून दिला होता: अर्धी पात सोडून कोणी उठायचं नाही. तान्हं लेकरू बांधावर रडत असलं तरी पात धुऱ्याला, म्हणजे शेताच्या टोकाला, लागल्यावरच आईनं त्याला उचलायचं. नियम कडक होता, आणि स्वतःचा भोजराज तान्हा असताना त्यांनी तो स्वतःलाही लावला होता.

वय साठीच्या पुढं गेलं तशी टोळी तरण्या बायांच्या हाती गेली. शेत बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिलं. बैल विकले. भोजराज भंडाऱ्याला मोटरसायकलच्या दुकानात कामाला लागला आणि बायको-पोरांसह तिथंच राहू लागला. घरात उरले गोदावरीबाई आणि त्यांचे यजमान गोमाजी. मग गोदावरीबाईंनी सगळा जीव घराच्या मागच्या सांदवाडीत घातला. सांदवाडी म्हणजे परसातली भाजीची बाग. वांगी, भेंडी, टमाटर, कुंपणावर वालाचा वेल, कडेला मेथी आणि सांबार. आपल्या भागात कोथिंबिरीला सांबारच म्हणतात. गोमाजी मात्र तिकडं फिरकत नसत. बैलांत आयुष्य गेलेला माणूस, भाजीच्या वाफ्यांना बाईमाणसाचं राज्य समजे आणि बाहेर ओट्यावर बसून राही.

त्या साली भाद्रपदात पाऊस काही केल्या हटेना. वांग्यांच्या ओळींत मोथा माजला. मोथ्याचं गवत वरून ओढलं तर पातं हातात येतं आणि गाठ मातीतच राहते. ती काढायची तर खुरपीनं खोल जावं लागतं. एके सकाळी गोदावरीबाई अशाच वाकून गाठी काढत होत्या. ओळ संपत आली तेव्हा कमरेत कळ निघाली. त्यांनी ओळ संपवली. मग सरळ व्हायला गेल्या तर होता येईना. बसताही येईना. वांग्याला आधार दिलेली काठी धरून त्या तशाच ओणव्या उभ्या राहिल्या.

चहा अजून का आला नाही म्हणून गोमाजी मागं आले.

"अवो, काय करून राहिली?"

"काही नाही. तुमी जा."

"जा काय? उठ ना."

"उठता नाही येऊन राहिलं," त्या जमिनीकडं बघतच म्हणाल्या. "आरडू नका. कुंपणाच्या पल्याडून लोक पायतीन."

पवनीच्या डॉक्टरीणबाईंनी कमरेचा फोटो काढला, मणक्यांमधली गादी घसरल्याचं सांगितलं. गोळ्या दिल्या, आराम सांगितला, आणि पुढं हळू आवाजात म्हणाल्या, "मावशी, दुखणं थांबेल. पण कमरेतून वाकून काम आता करायचं नाही. उकिडवं बसूनही नाही. थोडं चाला, थोडं उभ्यानं काम करा."

"बाई, मंग मी करू काय? माहं सारं कामच खाली हाये."



आरामाचे दिवस गोदावरीबाईंनी मागच्या छपरीतल्या खाटेवर काढले. तिथून सांदवाडी दिसायची, आणि तेच वाईट होतं. मोथ्यात केना मिसळला, केन्यातून गाजरगवताचे शेंडे वर आले. मेथीचा वाफा कुठं सुरू होतो हेही कळेनासं झालं. त्या कूस बदलायच्या, पण भिंतीकडं तोंड करूनही गवत वाढल्याचं त्यांना जाणवत राहायचं.

एका दुपारी जनाबाई आल्या. टोळीत गोदावरीबाईंच्या शेजारची पात वर्षानुवर्षं यांचीच. त्यांनी खाटेजवळ बसून चार गोष्टी केल्या, मग न विचारता खुरपी उचलली आणि वांग्यांत जाऊन बसल्या. गोदावरीबाईंच्या डोक्यात एकदम तिडीक गेली.

"जना, ठेव ते!"

"अवो, बसल्या बसल्या दोन मूठ काढतो."

"मी मेली काय? माह्या बाडीत निंदाले गावातून माणूस येईन, असे दिवस नाही आले अजून."

जनाबाईंनी खुरपी ठेवली, जमिनीला हात टेकून सावकाश उठल्या, लुगड्याची माती झटकली आणि निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत. गोमाजींनी दोनदा विचारलं, "जनाबाई दिसत नाही वो?" दोन्ही वेळा गोदावरीबाईंनी ऐकलं नसल्याचं दाखवलं.

दसऱ्याला भोजराज आला. आईची हालत आणि परसातलं रान, दोन्ही त्यानं पाहिलं. तो प्रेमळ मुलगा, पण त्याला कुठलीही अडचण दिसली की ती मिटवूनच टाकायची असे.

"माय, हे सारं सपाट करून टाकू. पेव्हर ब्लॉक टाकतो. साफ राहीन, सापकिरडूची भीती नाही. भाजी पवनीच्या बजारात भेटतेच ना."

"नाहीतर तणनाशक मारा," गोमाजी चाचरत म्हणाले. बाग वाचावी म्हणूनच त्यांनी ते सुचवलं होतं.

"त्या गवतात माहा तरोटा हाये, पातूर हाये, चिवळ हाये," गोदावरीबाई म्हणाल्या. "अर्ध्या गवताची मी भाजी करतो. विष कशावर माराचं?" मग मुलाकडं वळून म्हणाल्या, "संक्रांतीपरेंत थांब. तवापरेंत नाही जमलं तर टाक तुया फरशा."

कसं जमणार होतं, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

भोजराज गेल्यावर दुसऱ्या दिवशी गोमाजी कोणाला न सांगता सांदवाडीत शिरले. बायकोचा डोळा लागला होता. त्यांनी उकिडवं बसून मेथीचा वाफा साफ करायला घेतला आणि मोठ्या चिकाटीनं पार केला. गोदावरीबाई जाग्या झाल्या तेव्हा ते घामानं निथळत छपरीसमोर उभे होते.

"पाय जरा, मेथी कशी मोकळी केली."

त्या भिंतीला धरून उठल्या, वाफ्याशी गेल्या. वाफा खरंच स्वच्छ होता. त्यात तरोट्याची कोवळी रोपं सारख्या अंतरावर डोलत होती. मेथी उपटून कुंपणाशी ढीग घातला होता. तरोट्याचं आणि मेथीचं पान लहानपणी थोडं सारखंच दिसतं; पण एवढंही नाही.

गोदावरीबाईंना हसू फुटलं. हसताना कंबर दुखे, म्हणून त्यांनी एका हातानं कंबर धरली आणि हसतच राहिल्या. गोमाजी आधी ओशाळले, मग तेही हसायला लागले. त्या आजारपणात घरात पहिल्यांदा हसण्याचा आवाज झाला होता. संध्याकाळी उपटलेल्या मेथीची भाजी झाली.

"तुमाले बलावलं कोणं होतं बाडीत?" जेवताना त्यांनी विचारलं.

"तू खाटेवरून रोज तिकडं पायते. मले पायवत नाही," गोमाजी म्हणाले आणि भाकरीत डोकं घातलं.

त्या रात्रीपासून गोदावरीबाईंचं मन कामाला लागलं. आतापर्यंत त्या फक्त एवढंच घोकत होत्या की आपल्याला वाकता येत नाही. आता त्यांनी विचार केला की मुळात वाकावं लागू नये, तर काय करावं लागेल. गुरांच्या रिकाम्या कोठ्यामागं बटईदारानं गेल्या साली तणस, म्हणजे धानाचा पेंढा, रचून ठेवलं होतं. या साली बटईदार तो ढीग दुसरीकडं हलवत होता, तेव्हा खालची जमीन उघडी पडलेली त्यांनी पाहिली. काळी, ओली, भुसभुशीत. गवताची एक काडी नाही. तणसाखाली गवत उगवत नाही हे आसगावात शेंबडं पोरही जाणतं. पण ते आपल्या वांग्यांखाली पसरावं, असं कोणाच्या मनात आलं नव्हतं. तणस म्हणजे ढोराचा चारा, तो मातीवर टाकायचा म्हणजे अन्नाचा अपमान.

गोमाजींनी त्या सांगतील तसं केलं. आधी मोठं गवत कापून घेतलं, मग हलक्या, म्हणजे लवकर निघणाऱ्या, धानाचं ताजं तणस आणून वांग्यांच्या ओळींत वीतभर जाड अंथरलं. खोडाला भिडू न देता भोवती थोडी जागा मोकळी ठेवली. परसाला एकदम सोनेरी रंग चढला. दोघं छपरीत बसून ते बघत चहा प्यायले.

आठवडाभरात त्या सोनेरी रंगातून हिरवं काही डोकावू लागलं. गोमाजींनी जवळ जाऊन पाहिलं आणि कपाळाला हात लावला. नव्या तणसात राहून गेलेले दाणे पाणी मिळताच उगवले होते. वांग्यांत धान!

"आता येथीच रोवणी करू," ते म्हणाले.

गोदावरीबाईंना या वेळी हसू आलं नाही. दोन दिवसांनी त्यांनीच उपाय काढला. उगवलेलं धान कोवळं असतानाच गोमाजींनी तणसासकट उलथून टाकलं, आणि त्यावर नवं न घालता ढिगाच्या तळाचं जुनं, पावसानं काळं पडलेलं तणस पसरलं. त्यात दाणा उरला नव्हता. गुरंही ते खात नसत, त्यामुळं अपमानाचा प्रश्नही मिटला. केना दबला. गाजरगवत दबलं. मोथ्याची पाती मात्र सुईसारखी वर येत राहिली.

मोथ्यासाठी गोमाजी गावातल्या लोहाराकडं गेले. जुन्या पट्टीचं, हाताच्या पंजाएवढं रुंद पातळ पातं त्यांनी घडवून घेतलं आणि त्याला बांबूचा लांब दांडा बसवला. उभं राहून मातीच्या वरच्या थरातून पातं ओढायचं, गवत मुळाशी कापलं जातं. पहिल्या दिवशी गोदावरीबाईंनी ते हातात घेतलं आणि चार वेळा ओढून खाली टेकवलं.

"हे तुमच्यासाठी केलं का माह्यासाठी?"

"काहून?"

"दांडा डोक्याच्या वर जाते. खांदे भरून आले."

गोमाजींनी दांडा स्वतःच्या मापानं कापला होता. त्यांनी बायकोला सरळ उभं केलं, हनुवटीशी खूण केली आणि तिथं दांडा कापला. पुढं दोन-तीन दिवस पात्याचा कोन जमेना. कधी ते मातीत रुतायचं, कधी वरून घसरायचं. लोहाराकडं खेपा झाल्या. शेवटी एकदा पातं असं बसलं की हलक्या हातानं, अंगण झाडल्यासारखं ओढलं तरी मोथ्याची पाती कापून बाजूला पडू लागली. गाठ खाली राहायची, पुन्हा फुटायची. पण दर वेळी गवताचं पातं आधीपेक्षा बारीक यायचं. जिवंत राहायचा गाठीचा जोर कमी होत होता.

तरी गोदावरीबाईंना लाज वाटे. उभ्यानं निंदण! त्यांच्या टोळीत कोणी उभं दिसलं तर त्या ओरडायच्या, "काय वो, शेत पायाले आली काय?" आता कुंपणापलीकडून कोणी जाताना दिसलं की त्या अवजार वेलामागं टेकवून उगीच शेंगा चाचपू लागायच्या.

आणि एका सकाळी जुनी सवय आडवी आली. ऊन छान पडलं होतं, माती कोरडी होती, पातं सुरेख चालत होतं. ओळीच्या मध्यावर कमरेनं इशारा दिला. धुरा समोर दिसत होता. त्यांनी दात आवळून ओळ पूर्ण केली. दुपारी त्या पुन्हा खाटेवर आडव्या होत्या.

गोमाजी रागावत नसत. त्या दिवशी मात्र खाटेच्या कडेवर बसून म्हणाले, "धुरा का पळून जाऊन राहिला? उद्या बी तेथीच राहीन."

"अर्धी पात सोडून उठाचं नाही, असं..."

"ते दुसऱ्याचं शेत होतं. मजुरी होती. हे कोणाचं हाये?"

हा साधा फरक गोदावरीबाईंना कोणी दाखवला नव्हता. आयुष्यभर पाठीमागं कोणीतरी लक्ष ठेवून उभं असल्यासारखं त्या काम करत आल्या होत्या, आणि पाठीमागं कोणी नसतानाही ते थांबलं नव्हतं. बरं वाटल्यावर त्या पुन्हा वाफ्यात गेल्या, तेव्हा कंबर बोलायच्या आधीच थांबल्या. ओळ अर्धी राहिली. अवजार कुंपणाला लावून त्या घरात आल्या. पण भाजी चिरताना त्यांचं लक्ष तीनदा खिडकीबाहेर गेलं. पुढच्या वेळी दोनदा गेलं असेल. हळूहळू सवय झाली. रोज सकाळी ऊन चढल्यावर, गवत बारीक असतानाच, थोडंसं. कापलेलं गवत उन्हात तिथंच वाळून जाई.

मेथी आणि सांबाराचं कोडं उरलं होतं. दाट पेरलेल्या वाफ्यात अवजार चालत नाही, तिथं बोटंच लागतात. खरं तर गोदावरीबाईंची बोटंही त्याचसाठी शिवशिवत होती. कोवळं गवत चिमटीत धरून मुळासकट काढण्याचं सुख त्यांना बांबूच्या दांड्यातून मिळत नव्हतं. उपाय गोमाजींना सुचला. कोठ्यात बैलांची सिमेंटची गव्हाण रिकामी पडली होती, कमरेएवढ्या उंचीची. ते एकटेच किती वेळ तिच्यावर हात फिरवत उभे राहिले, ते गोदावरीबाईंनी दारातून पाहिलं आणि मागं फिरल्या. दुसऱ्या दिवशी गोमाजींनी पुढची भिंत पाडून कोठ्यात ऊन घेतलं, गव्हाणीच्या तळाला भोकं पाडली, माती आणि शेणखत भरलं. गोदावरीबाईंनी पेरायची घाई केली नाही. आधी नुसतं पाणी दिलं, मातीतलं गवत उगवू दिलं, ते खरवडलं, आणि मग मेथी टाकली. तण आलं ते एवढंसं. ते काढायला त्या गव्हाणीशी सरळ उभ्या राहिल्या, जशा स्वयंपाकाच्या ओट्याशी उभ्या राहून पोळ्या लाटाव्यात.

त्या दिवशी हात मातीत असताना त्यांना जनाबाईंची आठवण झाली. जमिनीला हात टेकून ती उठली होती. किती सावकाश उठली होती! ते त्यांनी तेव्हा पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ आत्ता लागला. मेथीची जुडी पदरात घेऊन त्या जनाबाईंच्या घरी गेल्या.

जनाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. कमरेला धोतराचं फडकं घट्ट बांधलं होतं, आणि फडक्यात गरम विटेचा तुकडा.

"हे कधीपासून?" गोदावरीबाईंनी विचारलं.

"लय वर्षं झाले."

"सांगतलं काहून नाही?"

"तुले सांगू?" जनाबाई हसल्या, पण हसू कडू होतं. "तू टोळीची मुकादम. कंबर दुखते म्हणाची तुयापुढे कोणाची हिंमत होती? टोळीतल्या रुखमिणीचीही दुखते. साऱ्यांचीच दुखते, गोदा. तू एकटीच समजते का तुलेच झालं म्हणून?"

गोदावरीबाई खाली बसू शकत नव्हत्या. त्या उभ्याच राहिल्या. मग मेथी चुलीशी ठेवली आणि हात पुढं केला.

"उठ. माह्या घरी चाल. त्या दिवशी मी लय खराब बोलली. आता ये अन माह्या बाडीत निंद. पण उभ्यानं."

जनाबाईंनी ते अवजार पहिल्यांदा धरलं तेव्हा त्या फावडं मारल्यासारखं मारू लागल्या. "हाणू नको, झाड," गोदावरीबाई म्हणाल्या. थोड्या वेळानं हात बसला. कुंपणाच्या वाटेनं रुखमिणी चालली होती. ती थांबून बघायला लागली. गोदावरीबाईंनी या वेळी अवजार लपवलं नाही. "पायत काय राहिली? आत ये," म्हणाल्या.

संक्रांतीला भोजराज आला तो फरशांचं माप घेणाऱ्या मिस्त्रीचा नंबर खिशात घेऊनच. परसात वांगी लगडली होती. काळपट तणसात टमाटर लाल दिसत होते. मोथा होता, पण शोधावा लागत होता. आई सरळ उभी राहून गव्हाणीतला सांबार खुडत होती. तो सगळीकडं फिरला, अवजार उचलून दोनदा ओढून पाहिलं.

"माय, कंबर?"

"दुखते. पण मी थांबतो तवा तेही थांबते."

भोजराज म्हणाला की वाफ्यांमधल्या चालायच्या वाटा तरी पक्क्या करून देतो; पावसात आईचा पाय घसरायला नको, आणि वाटेवरचं गवतही जाईल. गोदावरीबाईंना हे पटलं. मिस्त्री आला, वाटांपुरत्या फरशा बसल्या. गोमाजींनी उन्हाळ्याच्या तोंडी जनाबाईंसाठी आणि रुखमिणीसाठी दोन दांडे कापले, प्रत्येकीला समोर उभं करून, हनुवटीशी खूण करून.

आता गोमाजी ओट्यावर फारसे दिसत नाहीत. मेथी आणि तरोटा त्यांना ओळखू येतात, असं ते स्वतः सांगतात. गोदावरीबाई त्यांना अजून वाफ्यात एकटं सोडत नाहीत. जनाबाई दिवसाआड येतात. सध्या दोघींचा वाद चालू आहे तो दुधीच्या वेलावरून: तो मांडवावर चढवावा की कोठ्याच्या छपरावर. जनाबाई म्हणतात छपरावर, तोडायला काठी पुरते. गोदावरीबाईंना मांडव हवा आहे, हात वर केला की दुधी हाताशी आला पाहिजे. दोघी ऐकायला तयार नाहीत, म्हणून गोमाजींनी दोन्हीकडं एक एक बी लावून टाकलं आहे.